द्राक्ष सल्ल्याच्या स्क्रिप्ट का अडतात: प्रकल्प नोंदी, नाशिक, ऑक्टोबर २०२४

३ ऑक्टोबर २०२४

काम आजपासून माझ्याकडे आलं. शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस गंगापूर रोडला असलं, तरी माहिती येते ती दिंडोरी, निफाड आणि चांदवड तालुक्यांतल्या बागांमध्ये उभ्या केलेल्या हवामान यंत्रांवरून. तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग आणि पान किती तास ओलं राहिलं, एवढ्या पाच गोष्टी. रात्रभराची ही माहिती ओढून घ्यायची, साफ करायची, त्यावरून द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचा धोका काढायचा आणि पहाटे साडेपाचला बागायतदारांच्या मोबाइलवर मराठीत सल्ला पाठवायचा. यासाठी चार स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला ओळीने द्यायच्या सूचनांच्या फाइली, आहेत, दोन बॅशमध्ये आणि दोन पायथनमध्ये. ऑफिसातलं मुख्य मशीन उबुंटू २२.०४ वर चालतं. पिंपळगाव बसवंत आणि दिंडोरीच्या शाखांत विंडोज आहे, तिथून माहिती वर चढवायला पॉवरशेलची छोटी स्क्रिप्ट आहे.

सध्या गोडी छाटणीचे दिवस आहेत. छाटणी होऊन डोळे फुटले, पोंगा दिसायला लागला की पुढचे काही आठवडे बागायतदार एकेक रात्र मोजून काढतो. सल्ला साडेपाचला मिळाला तर सहाला फवारणीचा ब्लोअर बाहेर निघतो. आठला मिळाला तर वारा सुटलेला असतो, औषध पानावर कमी आणि हवेत जास्त जातं. म्हणून "आज स्क्रिप्ट चालली नाही" या वाक्याचा अर्थ कोणाच्या तरी बागेत फवारणी चुकली किंवा विनाकारण झाली असा होतो. दोन्हींत पैसा शेतकऱ्याचाच जातो.

जुन्या वहीत जागोजाग एकच ओळ: "स्क्रिप्ट चालत नाही, पुन्हा चालवली." यावरून पुढच्या माणसाला काहीही कळत नाही. कमांड लाइनवर स्क्रिप्ट अडण्याच्या जागा वेगवेगळ्या असतात. शेलला, म्हणजे आपण टाइप केलेली कमांड घेणाऱ्या प्रोग्रामला, ती सापडत नाही, किंवा सापडते पण कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ती चालवू देत नाही, किंवा तिच्या ओळी वाचून चालवणारा प्रोग्राम, इंटरप्रिटर, जागेवर नसतो, किंवा इंटरप्रिटर सुरू होऊन आतल्या एखाद्या ओळीवर ठेचकाळतो. आणि कधी सगळं ठीक असतं, पण स्क्रिप्ट ज्या वातावरणात चालते ते वेगळं असतं. पडद्यावर उमटणारं वाक्य बहुतेक वेळा सांगत असतं की यातलं कोण नाही म्हणालं. त्यामुळे इथे दर नोंदीत ते वाक्य जसंच्या तसं उतरवणार. सगळ्यांना निरोप दिला आहे: "चालत नाही" असं फोनवर सांगू नका, पडद्याचा फोटो पाठवा.

४ ऑक्टोबर

पहिलं वाक्य: "परमिशन डिनाइड".

माहिती साफ करणारी स्क्रिप्ट दिंडोरीहून पेनड्राइव्हवर आली आणि तिथूनच चालवून बघायचा प्रयत्न झाला. फाइलींची यादी दाखवणारं एलएस माइनस एल केलं तर चालवायच्या परवानगीचा, एक्झिक्यूटचा एक्स दिसत नाही. इथे कोणीही सीएचमॉड प्लस एक्स करतं, तेच आधी झालं होतं. कमांड काही बोलली नाही आणि एक्सही लागला नाही. कारण पेनड्राइव्ह फॅट पद्धतीचा आहे. त्या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलला वेगळी परवानगी ठेवायची सोयच नसते, जोडताना जी ठरेल तीच सगळ्यांना. शिवाय माउंटच्या, म्हणजे जोडलेल्या ड्राइव्हच्या यादीत त्या ड्राइव्हपुढे नोएक्झेक लिहिलेलं सापडलं. हा पर्याय असला की एक्स असूनही कर्नल फाइल थेट चालवत नाही.

स्क्रिप्ट होम फोल्डरमध्ये कॉपी केली, तिथे एक्स दिला, चालली.

एक गोष्ट नवीन मुलांसाठी. "बॅश" लिहून पुढे फाइलचं नाव दिलं तर तीच फाइल पेनड्राइव्हवरूनही चालते, कारण तेव्हा कर्नल चालवतो ते बॅशला, आणि बॅश ही फाइल फक्त वाचतो. वाचायला एक्स लागत नाही. निदान करायला ही युक्ती उपयोगाची आहे: अशी चालली आणि थेट चालली नाही, तर दोष आतल्या ओळींत नाही, परवानगीत किंवा पहिल्या ओळीत आहे. कायमचा उपाय म्हणून मात्र ती वापरायची नाही. पायथनच्या फाइलला कोणीतरी बॅश लावतं आणि मग भलतीच वाक्यं येतात.

शेवटचा कोड, म्हणजे कमांड संपल्यावर शेलकडे उरतो तो आकडा, बघायची सवय लावायची. १२७ म्हणजे सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही. आज १२६ होता.

५ ऑक्टोबर

आजचं वाक्य लोकांना सगळ्यात जास्त चक्रावतं: "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". फाइल समोर दिसते, एलएसमध्ये आहे, कॅट केली तर आतला मजकूरही दिसतो. आणि मशीन म्हणतं अशी फाइलच नाही.

मशीन खोटं बोलत नाही. ते कोणत्या फाइलबद्दल बोलतंय हे आपण धरून चालतो आणि तिथे फसगत होते. स्क्रिप्ट चालवताना कर्नल आधी पहिली दोन चिन्हं बघतो. ती #! असली, म्हणजे बाइटच्या भाषेत ३५ आणि ३३, तर त्या ओळीत पुढे ज्या इंटरप्रिटरचा पत्ता असेल तो उघडतो आणि स्क्रिप्टचं नाव त्याच्या हातात देतो. न सापडलेली फाइल म्हणजे हा इंटरप्रिटर.

पत्ता बघितला तर बरोबर: बिन फोल्डरमधला बॅश. कॅटला माइनस कॅपिटल ए लावून पाहिलं तेव्हा ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी टोपीवाला एम दिसला. तो १३ नंबरचा बाइट, कॅरेज रिटर्न. विंडोज प्रत्येक ओळ १३ आणि १० अशा दोन बाइटांनी संपवतं, लिनक्स फक्त १० ने. पिंपळगावच्या शाखेत फाइल उघडून एक आकडा बदलला गेला आणि संपादकाने सगळ्या ओळींचे शेवट बदलून टाकले. आता कर्नल "बॅश" नाही, तर "बॅश आणि १३" अशा नावाचा प्रोग्राम शोधतोय. घर नंबर बरोबर, पण पाकिटावर एक न दिसणारं अक्षर जास्तीचं, म्हणून पोस्टमन परत फिरला, असा हा प्रकार.

याची वाक्यं मशीनप्रमाणे बदलतात, म्हणून तीनही लिहून ठेवतो. मुख्य मशीनवर बॅश ५.१ आहे, ते "बॅड इंटरप्रिटर" म्हणून पुढे "नो सच फाइल" लावतं. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४, त्यातलं बॅश ५.२ म्हणतं "कॅनॉट एक्झिक्यूट: रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड". हे वाक्य खरं तर जास्त प्रामाणिक आहे, कारण ते "लागणारी फाइल" म्हणतं. आणि क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय, डॅश शेल वापरते, तिच्यातून नुसतं "नॉट फाउंड". तिघांचं दुखणं एकच. पहिल्या ओळीत एन्व्ह नावाची कमांड वापरून पायथन मागवला असेल तर चौथा प्रकार: एन्व्ह स्वतः तक्रार करतो आणि पायथन३ च्या नावापुढे उलटी रेघ आणि आर छापतो. त्यातल्या त्यात हे सगळ्यात सोपं, दोष डोळ्यांना दिसतो.

फाइल नावाची कमांडही हे सांगते, तिच्या उत्तरात "सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स" येतं. डॉस-टू-युनिक्सने फाइल साफ केली. पण उद्या परत कोणी विंडोजवर उघडेल, तेव्हा कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या ॲट्रिब्यूट फाइलमध्ये लिहून टाकलं की शेल आणि पायथनच्या स्क्रिप्टना ओळीचा शेवट नेहमी एलएफच, म्हणजे नुसता १०. हे गिटच्या प्रत्येकाच्या वैयक्तिक सेटिंगवर सोडायचं नाही. सेटिंग मशीनबरोबर जाते, ॲट्रिब्यूट फाइल कोडबरोबर राहते. विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीपासून नोटपॅडला एलएफ ओळी नीट कळतात, त्यामुळे शाखेतल्या लोकांनाही अडचण नाही.

७ ऑक्टोबर

एक विचित्र वाक्य आलं. धोका मोजणारी पायथनची स्क्रिप्ट एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून जोडून घेऊन, चालवली तर उत्तर: इम्पोर्टला एक्स सर्व्हर उघडता येत नाही. आकडेमोडीच्या स्क्रिप्टला पडदा कशाला हवा?

वरची ओळ नीट वाचली. तिथे पहिल्या ओळीबद्दल आणखी एक तक्रार होती: #! सकट पूर्ण ओळ छापून "नो सच फाइल". म्हणजे कोणीतरी पहिली ओळ कमांड समजून चालवत होतं. हेक्सडंप केला, म्हणजे फाइलमधले बाइट आकड्यांत पाहिले. फाइलच्या सुरुवातीला #! नव्हतंच, त्याआधी तीन बाइट होते: ईएफ, बीबी, बीएफ. हा यूटीएफ-८ चा बॉम, बाइट ऑर्डर मार्क. संपादकात दिसत नाही, कॅटमध्येही नाही. कर्नलला मात्र पहिली दोन चिन्हं ३५ आणि ३३ हवीत, तिथे भलतंच दिसलं, म्हणून त्याने हा चालवण्याजोगा प्रकार नाही असं सांगितलं. अशा वेळी बॅश हार मानत नाही. फाइल साधा मजकूर वाटली तर ती शेल स्क्रिप्ट समजून स्वतःच चालवायला घेतो. दुसरी ओळ होती "इम्पोर्ट सीएसव्ही". पायथनमध्ये ती लायब्ररी मागवायची ओळ. पण सल्ल्याची चित्रं बनवायला या मशीनवर इमेजमॅजिक टाकलेलं आहे आणि त्यात इम्पोर्ट नावाचीच एक कमांड असते, पडद्याचा फोटो काढणारी. तीच सुरू झाली होती. इमेजमॅजिक नसतं तर "इम्पोर्ट: कमांड नॉट फाउंड" असं सरळ वाक्य आलं असतं.

बॉम आला कुठून, हे शोधणं जास्त महत्त्वाचं. स्क्रिप्टमध्ये मराठी संदेश आहेत, आणि शाखांमध्ये अनुभव असा की मराठी सीएसव्ही एक्सेलमध्ये नीट दिसायला बॉम लागतो, नाहीतर अक्षरांची खिचडी होते. म्हणून तिथे सगळंच "बॉमसहित" सेव्ह करायची पद्धत पडली आहे. पद्धत त्यांच्या कामासाठी बरोबरच आहे, त्यात कोणाला दोष देण्यासारखं काही नाही.

गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखी बाब: पॉवरशेल ५.१ ला उलटं हवं असतं. त्याला बॉम नसलेली फाइल दिली तर तो ती जुन्या विंडोज कोडपेजची समजतो आणि आतली मराठी वाक्यं तुटतात. म्हणजे एकाच प्रकल्पात लिनक्सच्या स्क्रिप्टना बॉम चालत नाही, विंडोजच्या स्क्रिप्टना तो हवा, आणि एक्सेलसाठीच्या सीएसव्हीलाही हवा. आपल्यासारखं ज्यांचं रोजचं काम देवनागरीत चालतं त्यांना हे तिन्ही सांभाळावं लागतं. ॲट्रिब्यूट फाइलशेजारी एडिटर कॉन्फिगची फाइल ठेवली, प्रत्येक प्रकाराला वेगळा नियम. सीएसव्ही वाचताना पायथनला एन्कोडिंग "यूटीएफ-८-सिग" सांगितलं. ते बॉम असला तर गिळतं, नसला तरी चालतं. नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला तो चिकटतो आणि "तारीख" नावाचा रकाना दिसत असूनही सापडत नाही.

९ ऑक्टोबर

पिंपळगाव. शाखेतल्या ताईंचा फोन, "दादा, तुम्ही मेलवर पाठवलेली स्क्रिप्ट उघडली, नुसती लाल अक्षरं येतात."

"ताई, लाल अक्षरांचा फोटो काढून पाठवता का? बंद नका करू तोवर."

फोटोत होतं: "रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड ऑन धिस सिस्टिम". विंडोजच्या घरगुती आणि ऑफिसच्या मशीनवर पॉवरशेलची एक्झिक्युशन पॉलिसी मुळात रिस्ट्रिक्टेड असते. एकेक कमांड टाइप करून चालते, स्क्रिप्टची फाइल चालत नाही. चुकून दोन क्लिकमध्ये काहीबाही चालू नये म्हणून ही सोय केलेली आहे, आणि हिशोबाच्या मशीनवर ती असावीच.

इंटरनेटवर याचा सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे पूर्ण मशीनची पॉलिसी अनरिस्ट्रिक्टेड करा. तो मी करू देणार नाही. त्या मशीनवर बागायतदारांचे खाते क्रमांक आहेत. फक्त ताईंच्या खात्यापुरती रिमोट-साइन्ड केली. या पॉलिसीत स्वतःच्या मशीनवर लिहिलेली स्क्रिप्ट चालते, बाहेरून आलेलीला सही लागते. आमची मेलमधून आलेली, म्हणून तिच्यावर विंडोजने "बाहेरून आली" अशी खूण ठेवली होती. ती खूण फाइलच्या आत नसते, झोन आयडेंटिफायर नावाच्या वेगळ्या प्रवाहात फाइलला चिकटलेली असते. मजकूर वाचून खात्री केली आणि अनब्लॉक-फाइलने तेवढ्या एका फाइलची खूण काढली.

पुढचं वाक्य: कमांड ओळखता येत नाही. स्क्रिप्ट त्याच फोल्डरमध्ये आहे, पण नुसतं नाव लिहून पॉवरशेल चालू फोल्डरमध्ये शोधत नाही, आधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. लिनक्सवर हेच ./ देऊन करतात. जुनी काळी सीएमडीची खिडकी मात्र चालू फोल्डर आपोआप बघते, आणि ताईंना तिचीच सवय आहे. त्यावर आणखी एक: खात्याच्या नावात नाव आणि आडनाव यांच्यामध्ये जागा आहे, त्यामुळे पूर्ण पत्ता अर्ध्यातच तुटतो. अवतरणात घालून आधी अँडचं चिन्ह दिलं की जमतं.

पायथन लिहिल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं तेव्हा ताई घाबरल्या. पायथन बसवलेलं नसताना विंडोज ते नाव स्टोअरच्या दुव्याकडे नेतं. ॲप एक्झिक्युशन अलायसमधून तो बंद करता येतो.

१० ऑक्टोबर

दिंडोरीला व्हॉट्सॲपवरून पाठवलेली कमांड चालली नाही. आधी ती वर्डमध्ये टिपून ठेवलेली होती. वर्डने दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ केली, सरळ अवतरणं वाकडी केली. व्हॉट्सॲपने दोन ताऱ्यांमधला भाग ठळक करून तारे लपवले. यापुढे कमांड नेहमी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पाठवायची.

१२ ऑक्टोबर, दसरा

सुट्टी. काल ऑफिसात मशीनची पूजा झाली, कीबोर्डवर झेंडू होता. आज सकाळचा सल्ला गेला नाही. बागेला सण नसतो. घरून एसएसएच करून हाताने चालवलं, एका दमात पार पडलं. म्हणजे दोष क्रॉनमध्ये.

१४ ऑक्टोबर

"माझ्याकडे चालतं, क्रॉनमधून चालत नाही." या तक्रारीवर पूर्ण दिवस दिला, कारण बाकी सगळं नीट असूनही सल्ला ज्या एका दारातून बाहेर पडतो ते हेच.

टर्मिनल उघडल्यावर आपल्याला जे मिळतं ते आपण गृहीत धरतो. लॉगिन करताना बॅश आपल्या होममधल्या फाइली वाचतो, पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, फोल्डर वाढवतो, भाषा यूटीएफ-८ करतो. क्रॉन यातलं काही करत नाही. त्याच्या पाथमध्ये साधारण दोनच फोल्डर असतात, शेल साधा एसएच, आणि उबुंटूवर एसएच म्हणजे २००६ पासून डॅश. काम सुरू होतं तेही होम फोल्डरमध्ये, स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये नाही.

अंदाज करत बसायचं नाही म्हणून क्रॉनमध्येच एक मिनिटाने चालणारी ओळ टाकली. ती फक्त एन्व्हचा निकाल, म्हणजे त्या वेळच्या वातावरणाची यादी, फाइलमध्ये लिहिते. तीच कमांड टर्मिनलवर चालवली आणि दोन्ही फाइली डिफने समोरासमोर ठेवल्या. फरक डोळ्यांसमोर आला. मग एन्व्हला माइनस आय देऊन, तेवढीच रिकामी परिस्थिती टर्मिनलवर उभी केली आणि स्क्रिप्ट चालवली. लगेच पडली. जी चूक रोज पहाटेची वाट बघायला लावायची ती आता भर दुपारी हवी तेव्हा दाखवता येते. सगळ्या नोंदींतली ही युक्ती मला सर्वांत मोलाची वाटते.

सापडलेल्या गोष्टी, जशा आल्या तशा. पायथनचं वेगळं वातावरण होममधल्या फोल्डरमध्ये आहे, क्रॉनला ते ठाऊक नाही, तो सिस्टिमचा पायथन उचलतो आणि मग "मॉड्यूल नॉट फाउंड". त्या वातावरणातल्या पायथनचा पूर्ण पत्ता दिला, ॲक्टिव्हेट करायची गरजच राहिली नाही. क्रॉनच्या ओळीत "सोर्स" होतं, डॅशला ती कमांड माहीत नाही. मधल्या स्क्रिप्टला दुहेरी चौकोनी कंस होते, तेही डॅशला कळत नाहीत, आणि ती "एसएच" लावून बोलावली जात होती. असं बोलावलं की पहिल्या ओळीतला बॅशचा पत्ता कोणी वाचतच नाही. तो "एसएच" शब्द काढला.

टक्क्याचं चिन्ह. लॉगच्या नावात तारीख यावी म्हणून क्रॉनच्या ओळीत डेट कमांड टक्क्यांसकट लिहिलेली. क्रॉनमध्ये टक्का म्हणजे ओळ इथे संपली, पुढचं सगळं कमांडला इनपुट. प्रत्येक टक्क्याआधी उलटी रेघ हवी. मी तारीख स्क्रिप्टच्या आत नेली, क्रॉनची ओळ जेवढी छोटी तेवढी बरी.

आणि वेळ. सल्ला पाठवायचा भाग भाड्याच्या सर्व्हरवर आहे, त्याचं घड्याळ यूटीसीचं. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा तिथे बरोबर मध्यरात्र असते. आकडेमोड पावणेपाचला सुरू होते. त्या वेळी नाशिकमध्ये १४ तारीख उजाडत असते आणि सर्व्हरवर अजून १३ च असते. "आजच्या" नावाची फाइल त्यामुळे दोन मशीनवर दोन तारखांची बनते आणि पाठवणाऱ्याला "नो सच फाइल" मिळतं. दोन्हीकडे स्क्रिप्टमध्येच टाइम झोन एशिया/कोलकाता ठरवून दिला.

क्रॉनच्या मेल-टू सेटिंगमध्ये ऑफिसचा मेल पत्ता टाकला. क्रॉन तक्रार छापतोच, ती आजवर कोणाकडे पोचत नव्हती. मशीनवर मेल पाठवणारा प्रोग्रामही बसवला, त्याशिवाय तो पत्ता निरुपयोगी.

१६ ऑक्टोबर

आजची अडचण मराठीत काम करणाऱ्यांनाच भेटते, म्हणून सविस्तर.

वाक्य ओळखीचं, "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". फाइलचं नाव "वाऱ्याचा_वेग". फोल्डरमध्ये "वाऱ्याचा_वेग" आहे. स्क्रिप्टमध्येही "वाऱ्याचा_वेग" लिहिलेलं आहे. ओळींचे शेवट ठीक, बॉम नाही, पाथ ठीक. टॅब दाबून नाव पूर्ण करून घेतलं तर फाइल उघडते, हाताने टाइप केलं तर नाही.

हेक्सडंपने उत्तर दिलं. आडव्या कानाचा तो "ऱ्या" युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट: ०९३१ क्रमांकाचा ऱ, हलन्त, य. दुसरी वाट: नेहमीचा ०९३० चा र, हलन्त, मग २००डी क्रमांकाचा न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, आणि य. पडद्यावर दोन्ही एकसारखे. पण "वाऱ्याचा" पहिल्या वाटेने आठ चिन्हांचा आणि २४ बाइटांचा, दुसऱ्या वाटेने नऊ चिन्हांचा आणि २७ बाइटांचा. लिनक्स फाइलचं नाव बाइटांनी ओळखतं, त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं. एका शाखेतला कीबोर्ड एका पद्धतीने लिहितो, दुसरीकडचा दुसऱ्या.

युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं अक्षर एका ठरलेल्या रूपात आणणं, लावून बघितलं. र आणि नुक्ता असं तिसऱ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर त्याचा एनएफसी हा प्रकार ते ०९३१ मध्ये जुळवून घेतं. जॉइनरवाल्या रूपाला मात्र ते हातही लावत नाही. म्हणून माहिती आत घेतानाच एक ओळ घातली: र, हलन्त, जॉइनर ही तिकडी दिसली की तिथे ऱ आणि हलन्त ठेवा, मग एनएफसी. रकान्यांच्या नावांना, तालुक्यांच्या नावांना, सगळ्याला. "शेतकऱ्याचे नाव" या रकान्यातही हेच दडलेलं होतं, ते आता सापडायला लागलं.

फाइलींची नावं यापुढे साध्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवायची, असं ठरवलं. यावर ऑफिसात थोडी चर्चा झाली, कोणाला वाटलं मराठी मागे सरतेय. माझं मत स्पष्ट आहे. बागायतदार जे वाचतो ते शंभर टक्के मराठीतच जाणार, रकाने मराठीत राहणार, स्क्रिप्टने छापायची चूकसुद्धा मराठीत. फाइलचं नाव मशीन वाचतं, तिथे जे प्रत्येक कीबोर्डवरून एकाच बाइटांत उतरतं तेच हवं.

याच फोल्डरमध्ये याहून वाईट गोष्ट दिसली. शाखेत पावसाचे आकडे काही दिवस देवनागरी अंकांत भरले होते: १२, ७, २०. पायथनचा इंट असे अंक बिनतक्रार समजतो. पण साफ करण्याच्या स्क्रिप्टमध्ये बेरीज ऑक या मजकूर चाळणाऱ्या कमांडकडे होती आणि ऑकला "१२" म्हणजे शून्य. त्याने चूक छापली नाही, शेवटचा कोडही शून्य, म्हणजे यशस्वी. बारा मिलिमीटर पाऊस झालेल्या बागेला कोरडी रात्र दाखवली गेली असती, आणि डाऊनीला नेमकी ओली रात्र हवी असते. स्क्रिप्ट पडते तेव्हा निदान कोणीतरी फोन करतं.

बदल: अंक आत येतानाच एका रूपात आणायचे, आणि आकडा नसलेलं काही दिसलं तर स्क्रिप्टने तिथेच थांबायचं, ओळ क्रमांक सांगून. सगळ्या बॅश स्क्रिप्टच्या डोक्यावर एररवर थांबणं, न दिलेल्या नावावर थांबणं आणि पाइपफेल, हे तिन्ही चालू केलं. पाइपफेल नसताना पाइपच्या रांगेतला शेवटचा प्रोग्राम यशस्वी झाला की सगळी रांग यशस्वी धरली जाते, पहिला कोसळला तरी.

१८ ऑक्टोबर

छोटं. पाठवायची स्क्रिप्ट एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली, दोन्ही पाथमध्ये आहेत, तरी उघड्या टर्मिनलवर जुन्या पत्त्यासाठी "नो सच फाइल". बॅश एकदा सापडलेल्या कमांडचा पत्ता लक्षात ठेवतो. हॅश माइनस आर दिलं की विसरतो. कोणता पत्ता धरला आहे ते टाइप कमांड सांगते, विच सांगत नाही.

२१ ऑक्टोबर

तपासणीची एक स्क्रिप्ट लिहिली. संध्याकाळी सहाला चालते, म्हणजे काही निघालं तर दुरुस्तीला रात्र हातात असते. प्रत्येक फाइलचे पहिले तीन बाइट, पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर जागेवर आहे का, ओळींत १३ आहे का, एक्स आहे का, ज्या जागी ठेवली ती नोएक्झेक तर नाही. मग क्रॉनसारख्या रिकाम्या वातावरणात चारही स्क्रिप्ट नमुन्याच्या माहितीवर चालवते. नमुन्यात मुद्दाम देवनागरी अंक, दोन्ही प्रकारचे "ऱ्या" आणि एक बॉमवाली फाइल घातली आहे. पहिल्याच फेरीत चांदवडच्या एका जुन्या स्क्रिप्टमध्ये न तुटणारी जागा सापडली, साध्या स्पेससारखी दिसणारी, वेब पानावरून चिकटलेली. त्यामुळे कमांड आणि तिचा पर्याय मिळून एकच शब्द होत होता आणि १२७ येत होता.

मशीनशेजारी कागद लावला. वर मोठ्या अक्षरात: आधी वाक्य वाचा, मग कोड बघा, फाइल बदलण्याआधी तिची प्रत ठेवा. खाली इथल्या वाक्यांची यादी, कोणत्या वाक्याला कोणती नोंद बघायची.

२४ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर क्रॉनची दुरुस्ती झाल्यापासून सल्ला वेळेवर जातो आहे. आज पिंपळगावच्या ताईंनी स्वतःहून फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "दादा, १२७ आलाय, म्हणजे सापडत नाहीये ना?" पाथमधलं फोल्डर राहिलं होतं, त्यांनीच जोडलं.

उरलेलं काम: दिंडोरीच्या टास्क शेड्यूलरमध्ये "स्टार्ट इन" रिकामं आहे, त्यामुळे स्क्रिप्ट सिस्टिम३२ फोल्डरमध्ये उभी राहून आपली सीएसव्ही शोधते. तिथे फोल्डरचा पूर्ण पत्ता अवतरणांशिवाय भरायचा, आणि "युजर लॉगिन नसतानाही चालवा" हा पर्याय लावून एकदा रात्री तपासायचं. तिथल्या दादांशी सोमवारी बोलणं ठरलं आहे.